घरचा कॉम्प्युटर बिघडला, मदत कोणाकडे आणि कशी मागायची?

सीवूड्सला आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप होता. वडिलांनी त्यावर जयंती मंडळाचे हिशोब, विहाराच्या बैठकांची इतिवृत्ते, धम्म परिषदांचे फोटो आणि काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे रेकॉर्डिंग साठवले होते. एका मार्च महिन्यात तो सुरू होईना. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि तिथेच अडकायचा. जयंती तोंडावर आलेली, पत्रिकेचा मजकूर त्यातच. वडील सीपीयू रिक्षात टाकून दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काका, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल. चालेल ना?" वडील म्हणाले, "चालू झाला म्हणजे झालं."

संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला. पण आत काहीच उरले नव्हते.

त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. "चालू करून दे" एवढेच त्याला सांगितले होते आणि त्याने ते केले. "आतला डेटा मला हवा आहे" हे कोणी बोललेच नाही. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. त्यांचा आवाज आता कुठेच नाही.

कॉम्प्युटरची मदत मागताना आपण यंत्राचा विचार करतो, यंत्राच्या आत काय आहे याचा करत नाही. यंत्र पैसे देऊन पुन्हा मिळते, आतला ठेवा मिळत नाही. म्हणून मदत कोणाकडूनही घ्या, पण पहिले वाक्य हेच असले पाहिजे: आधी डेटा, मग दुरुस्ती.

आपल्यासाठी हा प्रश्न मोठा का आहे?

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झाले. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेचा पहिला खंड १९७९ मध्ये आला. मध्ये तेवीस वर्षे गेली. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी कागद शोधले, जपले, लावले, म्हणून ते लेखन आज आपल्या हातात आहे. कागदाला वाळवी लागते हे त्या पिढीला माहीत होते. आपली कागदपत्रे हार्ड डिस्कवर आहेत आणि ती एका "चालेल" या शब्दाने जातात, हे आपल्याला अजून पुरेसे माहीत नाही.

चळवळीचा ठेवा बाजूला ठेवला तरी घरातली कागदपत्रे आहेतच. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या स्कॅन प्रती आज प्रत्येक घरात कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राईव्हवर असतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत कॉम्प्युटर बंद पडला तर त्याचा फटका थेट मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाला बसतो. त्यामुळे हा विषय फक्त आयटीवाल्यांचा नाही.

तक्रार नीट मांडली की अर्धे काम होते

बुद्धांनी दुःखाचा विचार करायला एक क्रम शिकवला. दुःख आहे हे ओळखा, त्याचे कारण शोधा, ते कारण दूर होऊ शकते हे जाणा आणि मग मार्गाने जा. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरून थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. "बिघडलाय, फॉरमॅट करा" ही तशीच उडी आहे.

मदत मागण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहा:

१. नेमके काय होते? "चालत नाही" असे लिहू नका. "बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते" असे लिहा.

२. कधीपासून होते? त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले होते? नवे सॉफ्टवेअर टाकले, अपडेट झाले, वीज गेली, लहान मुलांनी काही डाऊनलोड केले?

३. स्क्रीनवर काय अक्षरे येतात? मोबाईलने फोटो काढा. विंडोज चालू असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबून स्क्रीनचा हवा तो भाग टिपता येतो. चुकीच्या संदेशातला नंबर किंवा कोड हाच बऱ्याचदा कारणापर्यंत नेतो.

४. आतापर्यंत तुम्ही काय काय करून पाहिले?

५. आत काय आहे, जे जाऊन चालणार नाही?

असा कागद किंवा असा मेसेज मिळाला की पुण्यात बसलेला मावसभाऊसुद्धा फोनवर मदत करू शकतो. "दादा, कॉम्प्युटर बिघडला, जरा बघ ना" एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही.

दुकानात जाण्याआधी घरी काय पाहावे?

रोजच्या बऱ्याच तक्रारी घरीच सुटतात. काही नेहमीच्या पाहू.

कॉम्प्युटर फार हळू चालतो: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांजवळ आहे ते पाहा. मेमरी भरत असेल तर ब्राऊझरचे उघडे टॅब कमी करा किंवा रॅम वाढवण्याचा विचार करा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जुना कॉम्प्युटरही बराच वेगाने चालतो. याच टास्क मॅनेजरमध्ये कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी असते. नको ती तिथे बंद करता येतात. सी ड्राईव्ह काठोकाठ भरला असेल तर आधी तो मोकळा करा.

इंटरनेट नाही: त्याच वायफायवर मोबाईल चालतो का ते पाहा. चालत असेल तर दोष कॉम्प्युटरमध्ये आहे, नसेल तर राऊटरमध्ये किंवा लाईनमध्ये. राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करा. एवढे तपासून कंपनीला फोन केला की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

प्रिंट निघत नाही: रांगेत अडकलेली जुनी प्रिंट रद्द करा, प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून चालू करा, आणि योग्य प्रिंटर निवडला आहे का ते पाहा.

मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात: फाईल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेली असते आणि तो फाँट तुमच्या कॉम्प्युटरवर नसतो. फाँट टाकला की मजकूर दिसतो. पण कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणे, कारण युनिकोड मराठी कोणत्याही मोबाईलवर दिसते आणि शोधताही येते. जयंतीच्या कित्येक जुन्या पत्रिका आणि स्मरणिका पेजमेकरमध्ये बनलेल्या आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. ज्या डीटीपी करणाऱ्याकडे तो अजून चालतो, त्याच्याकडून त्या फाईलींच्या पीडीएफ आजच काढून घ्या.

निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी की मागते: हा व्हायरस नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ती रिकव्हरी की बहुधा त्या लॅपटॉपवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या मोबाईलवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन ती पाहता येते. की न शोधता फॉरमॅट केले तर डेटा गेलाच म्हणून समजा. लॅपटॉप नीट चालू असतानाच ही की वहीत उतरवून ठेवलेली बरी.

दुकानात गेल्यावर

पहिले वाक्य ठरलेले आहे: "आधी डेटा काढून द्या, मग पुढचे." विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क चांगली असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा लिनक्सचा पेन ड्राईव्ह लावून फाईली काढता येतात. त्याचे वेगळे पैसे लागले तरी द्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढण्याची शक्यता असते.

डेटा चुकून पुसला गेला असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही टाकू नका. फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाईल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत परत मिळण्याची शक्यता असते. एसएसडीवर ही शक्यता फार कमी. आमच्या घरी नेमके हेच चुकले. फॉरमॅटनंतर आम्ही त्याच डिस्कवर महिनाभर काम करत राहिलो आणि मग कोणीतरी सांगितले की लगेच थांबला असता तर काही तरी मिळाले असते.

कॉम्प्युटर देताना पावती घ्या. त्यावर तक्रार काय, सोबत काय दिले, अंदाजे खर्च किती हे लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. तो तुमचा आहे. घरच्यांचे फोटो, बँकेची कागदपत्रे आत असतील तर ती आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. ब्राऊझरमधून ईमेल आणि बँकेच्या खात्यांतून बाहेर पडा. मुली आणि महिलांचे लॅपटॉप देताना ही काळजी दुप्पट घ्या. पैसे घेऊन काम नीट झाले नाही आणि दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथे पावतीच कामी येते.

आणखी एक मुद्दा, जो आपल्यात कमी बोलला जातो. "विंडोज, ऑफिस सगळं टाकून देतो" यातले बरेचसे सॉफ्टवेअर क्रॅक केलेले असते. जे दिलेले नाही ते न घेणे हे पंचशीलातले दुसरे शील आहे. त्यात व्यवहारही आहे, कारण क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास येतात. पत्र, हिशोब, पत्रिका यांसाठी लिब्रे ऑफिस पुरते. ते मोफत आहे, कायदेशीर आहे आणि त्यात मराठी लिहिता येते. व्हायरसपासून संरक्षणासाठी विंडोजमध्येच विंडोज सिक्युरिटी असते. सामान्य घरगुती वापराला ती पुरेशी आहे, फक्त अपडेट चालू ठेवा.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याचा अर्थ तो कॉम्प्युटर बंद पडतो असा नाही. त्याला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळत नाहीत. "आता नवाच घ्यावा लागेल" असे कोणी म्हणाले तर लगेच पैसे काढू नका. यंत्र विंडोज ११ ला चालते का ते आधी तपासा. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागते. चालत नसेल तर अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेटसाठी लिनक्स टाकून तोच कॉम्प्युटर आणखी काही वर्षे वापरता येतो.

फोनवरून येणारी 'मदत'

दुकानात निदान माणूस समोर असतो. फोनवर तेही नसते आणि धोका इथेच सर्वात मोठा आहे. सर्चमध्ये कस्टमर केअरचा नंबर शोधला की वर येणारा नंबर कंपनीचाच असेल असे नाही. ठगांनीही आपले नंबर तिथे पेरलेले असतात. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि "कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा" असे लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून ब्राऊझर बंद करा. तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरा.

हा धंदा किती मोठा आहे ते पाहा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले, तेव्हा अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या लोकांना लुटले जात असल्याचे उघड झाले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झालेली, टेक्निकल सपोर्टच्या नावाखाली परदेशी नागरिकांना फसवण्याची प्रकरणे होती. तीच युक्ती आता मराठीत आणि हिंदीत आपल्या आईवडिलांवर वापरली जाते.

यात ठगांचे मुख्य हत्यार म्हणजे दुसऱ्याची स्क्रीन लांबून चालवणारे ॲप. एनीडेस्कचा असा गैरवापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. ॲप मुळात वाईट नाही. ओळखीच्या माणसाला लांबून मदत करताना ते उपयोगी पडते, आणि विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाची तशी सोय असतेच. प्रश्न एवढाच की फोन कोणी केला. तुम्ही स्वतः ओळखीच्या माणसाला फोन केला असेल तर ठीक. समोरून फोन आला असेल तर कोड सांगू नका, ॲप टाकू नका.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी दिलेला सल्ला इथे कामाचा आहे. ऐकीव आहे म्हणून, सांगणारा अधिकारी वाटतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. "मी कंपनीतून बोलतोय" हे तपासायचे असेल तर फोन ठेवा. बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर जो नंबर आहे, त्यावर आपण फोन करा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. घरातल्या वयस्कर माणसाकडून चूक झाली असेल तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडण्याच्या भीतीनेच लोक लपवतात आणि हातातला वेळ निघून जातो.

विहारात महिन्याचा एक रविवार

आता उपायाकडे येऊ. आपल्याकडे माणसांची कमी नाही. एमएस-सीआयटी केलेली मुले-मुली वस्तीवस्तीत आहेत. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत आपले तरुण काम करतात. सीवूड्स, दारावे, करावे, नेरूळ भागातून ते रोज ट्रेनने आणि बसने जातात. पण त्यांचे ज्ञान कंपनीच्या गेटमधून बाहेर येते आणि थेट घरी जाते. विहारापर्यंत पोहोचत नाही.

महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर दोन तास मदतीची बैठक घ्या. खर्च जवळजवळ नाही. एक एक्स्टेन्शन बोर्ड, एक मोठी बाहेरची हार्ड डिस्क, मोबाईलचा हॉटस्पॉट आणि एक वही पुरे. नियम मात्र कडक ठेवा:

१. ज्याचा कॉम्प्युटर, त्याचाच हात माऊसवर. मदतनीसाने सांगायचे, मालकाने करायचे. यातूनच शिकणे होते आणि पुढच्या वेळी तोच माणूस दुसऱ्याला सांगतो.

२. कोणतेही काम करण्याआधी डेटाची प्रत.

३. पासवर्ड आणि ओटीपी कोणी विचारायचा नाही, कोणी सांगायचा नाही.

४. क्रॅक सॉफ्टवेअर टाकून दिले जाणार नाही.

५. अडचण आणि उपाय वहीत लिहायचे. सहा महिन्यांत तुमच्याच भागाचे मार्गदर्शक पुस्तक तयार होईल.

६. उपासिकांसाठी महिला मदतनीस असावी. अनेक जणी अनोळखी मुलाकडे आपला मोबाईल किंवा लॅपटॉप देत नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे.

पहिल्या बैठकीत दुरुस्तीला हातही लावू नका. फक्त प्रती काढा. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, हा जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाऊडवर. गुगल अकाउंटमध्ये १५ जीबीपर्यंत जागा मोफत मिळते. घरातले सगळे दाखले आणि शेकडो पत्रिका त्यात बसतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही घेता येतात. फक्त पेन ड्राईव्हवर विसंबू नका, तो हरवतो आणि अचानक बंदही पडतो.

मग ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या घरी जा. त्यांच्या कपाटातल्या सीडी, कॅसेट, जुन्या मोबाईलची कार्डे, बंद पडलेले कॉम्प्युटर यांत काय आहे ते विचारा आणि जे निघते ते उतरवून घ्या. आमच्या घरातले दोन आवाज आता परत येणार नाहीत. तुमच्या वस्तीतले अजून कुठल्या तरी डिस्कवर असतील. ती डिस्क दुकानात जाण्याआधी तिथे पोहोचा.